संधिप्रकाशात नळीच्या तोंडाशी भपका: पावडर बदलावी की टोकाचं साधन?

रानवाट

काडतुसं घरी स्वतः भरतो. रायफल .२२३ रेमिंग्टन, गॅसवर चालणारी. नळी १६ इंची, आतले आटे ८ इंचांत एक फेरा. गोळी ६९ ग्रेन वजनाची, पावडर एच-३३५, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली वाटी) सीसीआय ४५०. नळीच्या तोंडावर सध्या काही नाही, साधन बसवायचे बाहेरचे आटे झाकणारी टोपी तेवढी आहे. गोळ्यांचा गट चांगला बसतो, पुंगळीवर जास्त दाबाची खूण नाही, बोल्टही नीट मागे-पुढे होतो.

अडचण एकच. दिवस मावळला की प्रत्येक बाराला तोंडापुढे पिवळट पांढरा गोळा उठतो आणि एकपट दुर्बिणीतून लक्ष्य क्षणभर दिसेनासं होतं.

चार प्रश्न आहेत. हा भपका म्हणजे नळीबाहेर जळणारी उरलेली पावडर आहे का? तसं असेल तर एच-४१९८ सारखी जलद पावडर घेतली की काम होईल का? एच-३३५ दुहेरी बेसची आहे म्हणून असं होतं का, वारगेट किंवा एच-४८९५ या एकेरी बेसच्या पावडरींकडे वळावं का? आणि पोटॅशियमचं मीठ भपका दाबतं म्हणतात, ते थोडं पावडरीत मिसळून चालेल का?

तराजू

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात हात-डोळे जाऊ शकतात. नाही. विकत आणलेल्या पावडरीत बाहेरून काहीही मिसळायचं नाही, मीठ नाही, दुसरी पावडरही नाही. त्याचं कारण रसायन जाणणारं कोणी लिहीलच.

आता पहिला प्रश्न. बाराच्या वेळी दिसणारा उजेड एकसंध नसतो, त्याचे टप्पे आहेत, आणि कोणता टप्पा त्रास देतोय हे ओळखल्याशिवाय पावडर बदलणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

गोळी नळीत असतानाच तिच्या बाजूने थोडा गॅस निसटतो, त्याची किंचित चमक सर्वात आधी येते. गोळी बाहेर पडली की तोंडाला लागूनच लालसर ठिपका दिसतो. ती तापलेल्या गॅसची स्वतःची लाली. त्यापुढे गॅस एकदम फुगतो, फुगताना झपाट्याने थंड होतो आणि जवळजवळ दिसेनासा होतो. पण तो इतक्या वेगात असतो की काही सेंटिमीटर पुढे आघात तरंगाची एक तबकडी तयार होते. तिच्यातून जाताना गॅस पुन्हा दाबला जातो आणि पुन्हा तापतो. हा मधला टप्पा, तांबूस नारिंगी. त्यानंतर हा तापलेला गॅस आजूबाजूच्या हवेत मिसळतो आणि मिश्रण पुरेसं गरम असेल तर पेट घेतो. तो दुय्यम भपका. तुम्ही वर्णन केलेला पिवळट पांढरा गोळा हाच. आधीच्या सगळ्या टप्प्यांचा उजेड एकत्र केला तरी याच्यापुढे फिका पडतो.

म्हणजे बाहेर जळतो तो गॅस. पावडरीचे दाणे बहुतांश नळीच्या पहिल्या काही इंचांतच जळून जातात. जे उरतात ते वेगळ्या ठिणग्या म्हणून उडतात, रेषेसारखे, गोळ्यासारखे नाही. नळीखालच्या कापडावर पिवळे-करडे अर्धवट जळलेले दाणे सापडत असतील तर तो दाब कमी पडण्याचा किंवा पेटवण कमजोर असल्याचा प्रश्न आहे. तो वेगळा सोडवायचा.

मधला टप्पा काडीसारखा आहे हे ध्यानात ठेवा. काडी विझवली तर गॅस हवेत नुसता विरून जातो. भपका कमी करायचे सगळे मार्ग शेवटी इथेच येतात: बाहेर पडणारा गॅस थंड करा, त्याचा दाब कमी करा, आघाताची तबकडी मोडा, किंवा पेटण्याची साखळी रसायनाने तोडा.

गंधक

रसायनाची बाजू मी घेतो.

बिनधुराच्या पावडरीत सगळं कार्बन-हायड्रोजन पूर्ण जाळण्याइतका ऑक्सिजन नसतो. म्हणून नळीतून निघणाऱ्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड सर्वात जास्त, त्याच्या जोडीला हायड्रोजन, आणि मग पाण्याची वाफ, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड. एकेरी बेसच्या पावडरीत ज्वलनशील वाटा निम्म्याहून अधिक असतो. हे दोन्ही वायू हवेत साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास आपोआप पेटतात. मधल्या टप्प्यातली उष्णता त्यांना तिथवर नेते; तराजूंनी सांगितलेली काडी ती हीच.

एकेरी बेस म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. दुहेरी बेसमध्ये त्याच्यासोबत नायट्रोग्लिसरीन. एच-३३५ सारख्या गोल दाण्यांच्या पावडरीत ते साधारण १० टक्क्यांच्या आसपास. नायट्रोग्लिसरीनमुळे ज्योतीचं तापमान वाढतं, त्यामुळे "दुहेरी बेस म्हणजे भपका" हे समीकरण तयार झालं. ते अर्धंच खरं आहे. नायट्रोग्लिसरीनमध्ये ऑक्सिजन भरपूर असतो, म्हणून दुहेरी बेसचा गॅस जास्त गरम असला तरी त्यात बाहेर जळण्याजोगा वायू तुलनेने कमी असतो. दोन परिणाम उलट दिशेने ओढतात. कोणता जिंकेल हे नळीची लांबी, दाण्यांवरचा लेप आणि मीठ आहे की नाही यावर ठरतं.

मीठ हा खरा निर्णायक घटक. पोटॅशियम सल्फेट किंवा पोटॅशियम नायट्रेट, बहुधा एक टक्क्याच्या आसपास. काम असं: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन पेटतात ते मोकळ्या हायड्रोजन अणूंच्या आणि हायड्रॉक्सिलच्या साखळीतून. पोटॅशियम आधी हायड्रॉक्सिलला पकडून पोटॅशियम हायड्रॉक्साइड होतं, ते हायड्रोजन अणूला भिडून पाणी देतं आणि पोटॅशियम पुन्हा मोकळं होतं. एकच अणू हे काम पुन्हा पुन्हा करतो, म्हणून इतकं थोडं मीठ पुरतं. जास्त टाकलं तर धूर आणि नळीतली राख वाढते, म्हणून कारखाने हात आखडता ठेवतात.

तोफखान्यात मोठ्या भरणीसोबत (भरणी म्हणजे एका बारासाठी घातलेली पावडर) पोटॅशियम मिठाच्या वेगळ्या पिशव्या लावतात, त्यावरूनच बहुधा "आपणही मिसळू" ही कल्पना येते. तिथे पिशवीची जागा, वजन आणि तिचा दाबावर होणारा परिणाम आधी चाचण्या करून ठरवलेला असतो. रायफलीच्या पावडरीत कारखाना हे मीठ दाण्याच्या आतच बसवतो किंवा त्यावर चढवतो. घरी मिसळलेलं मीठ डबा हलला की तळाशी जातं. एका काडतुसात मीठ जास्त, पावडर कमी, पुढच्यात उलट. वजनकाट्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय पावडरीची घनता बदलते, म्हणजे छापील भरणीचे आकडे लागूच होत नाहीत.

करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक पावडरीचं सुरक्षा माहितीपत्रक निर्माता देतो. त्यातल्या घटकांच्या यादीत पोटॅशियम सल्फेट किंवा नायट्रेट आहे का ते बघा. कथिल किंवा बिस्मथची संयुगं दिसली तर ती नळीत चिकटलेलं तांबं सोडवण्यासाठी आहेत, भपक्याशी त्यांचा संबंध नाही. सीएफई-२२३ ही तांबं सोडवणारी पावडर घेताना ही गल्लत होते: नळी स्वच्छ राहते म्हणजे भपकाही कमी असेल असं गृहीत धरलं जातं.

आटेमोज

गंधकांच्या प्रतिसादाला दुजोरा. त्यात नळीचा हिशेब जोडतो, कारण १६ इंच हा आकडा या धाग्यात पावडरीच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे.

हिशेब सोपा. पुंगळीत पावडरीसाठी असलेली जागा एकीकडे, आणि तीच जागा अधिक नळीतली पोकळी दुसरीकडे. दुसरीला पहिलीने भागा. गॅस किती पट फुगून बाहेर पडतो ते कळतं. जितका फुगेल तितका थंड आणि कमी दाबाचा.

.२२३ ची पुंगळी काठोकाठ पाणी भरून तोलली तर साधारण ३० ग्रेन पाणी मावतं, म्हणजे १.९ मिलिलिटरच्या आसपास. गोळी बसल्यावर उरते साधारण १.७ मिलि. नळीचं छेदक्षेत्र ०.२५ चौरस सेंटिमीटर. नळीची लांबी बोल्टच्या तोंडापासून मोजतात, त्यामुळे गोळीच्या बुडाचा प्रवास साधारण ४ सेंटिमीटरने कमी धरा.

२० इंची नळीत प्रवास सुमारे ४६.८ सेंमी, पोकळी ११.७ मिलि, फुगवटा जवळपास ८ पट.
१६ इंची नळीत प्रवास ३६.६ सेंमी, पोकळी ९.१ मिलि, फुगवटा ६.४ पट.
१०.५ इंची नळीत प्रवास २२.७ सेंमी, पोकळी ५.७ मिलि, फुगवटा ४.३ पट.

गॅस फुगताना दाब कसा उतरतो याचा ढोबळ हिशेब लावला तर २० इंचांच्या तुलनेत १६ इंचांवर तोंडाशी दाब सुमारे तीस टक्के जास्त, आणि १०.५ वर दुपटीच्या पुढे. तीच पावडर, तेवढीच भरणी. म्हणून २० इंची नळीवर "अगदी शांत पावडर" म्हणून गाजलेलं नाव आखूड नळीवर आग ओकतं आणि लोक पावडरीच्या लॉटला दोष देतात.

रानवाट, तुमची नळी मधल्या पट्ट्यात आहे. इथे पावडर बदलल्याचा फरक खरोखर दिसतो. १०.५ वर असता तर पावडरीचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवा म्हटलं असतं.

रानवाट

हे फार उपयोगी आहे. मग एच-४१९८ चं काय? जलद जळली तर तोंडाशी दाब कमी उरेल, म्हणजे भपका कमी, इतकं सरळ आहे का?

तराजू

दिशा बरोबर, पण किंमत मोजावी लागते.

जलद पावडर तोंडाशी दाब कमी ठेवते याचं मोठं कारण तिचं वजनच कमी भरावं लागतं. कमी पावडर म्हणजे कमी गॅस. पण तिचा शिखरदाब लवकर येतो, त्यामुळे कमाल भरणी लवकर गाठली जाते आणि ६९ ग्रेनसारख्या जड गोळीचा वेग पडतो. आखूड नळीला जलद पावडरच जास्त वेग देते, ही समजूत चुकीची आहे. लांब नळीत सर्वाधिक वेग देणारी पावडर बहुधा आखूड नळीतही सर्वाधिक वेग देते. फरक एवढाच की ती सोबत जास्त भपका आणि जास्त धमाका देते. म्हणजे तुम्ही निवडताय ते वेग आणि उजेड यांच्यातलं काहीतरी.

दुसरी गोष्ट गॅसच्या छिद्राची. तुमची रायफल नळीतल्या छिद्रातून गॅस घेते. गोळी त्या छिद्रापाशी असतानाचा दाब पावडरीच्या जळण्याच्या वेगाने बदलतो. फार जलद पावडर: छिद्राशी दाब कमी, बोल्ट पूर्ण मागे येत नाही, शेवटच्या बारानंतर उघडा राहत नाही. फार संथ पावडर: छिद्राशी दाब जास्त, पुंगळीची कड ओरबाडली जाते, बोल्ट आपटतो. एम-१ गॅरंड या जुन्या लष्करी रायफलीला आयएमआर-४८९५ आणि ४०६४ च्या पट्ट्यातच पावडर द्यायची, त्याहून संथ नाही, हा जुना नियम याच कारणाचा; तिथे संथ पावडरीने बोल्टला मागे ढकलणारी चालकदांडी वाकते.

त्यामुळे माझं मत: एच-४१९८ हलक्या, ५० ते ५५ ग्रेनच्या गोळ्यांसाठी ठेवा. ६९ ग्रेनला एच-४८९५ किंवा बेंचमार्क या पावडरींच्या पट्ट्यात राहा. वारगेट त्याहून थोडी संथ. तीही चालेल, पण त्यावर खाली लिहितो.

सुकाणू

एका मुद्द्यावर थोडा मतभेद. पावडरीवर इतकं लिहून झालं, पण नळीचं तोंड उघडं आहे हे कोणी ठळकपणे सांगितलं नाही. आटे आहेतच तर पहिला खर्च टोकाच्या साधनावर करा. चांगला फ्लॅश हायडर, म्हणजे तोंडावर बसणारं भपका दाबणारं फटींचं साधन, पावडरीतल्या कोणत्याही बदलापेक्षा जास्त काम करतो, आणि भरणी पुन्हा शोधावी लागत नाही.

त्याचं काम गॅस "लपवणं" नाही. तो त्या आघाताच्या तबकडीला नीट उभंच राहू देत नाही. फटींतून गॅस आडवा फुटतो, थंड हवा लवकर आत शिरते आणि मिश्रण पेटण्याच्या तापमानाखाली येतं. तीन किंवा चार दात्यांचे उघडे हायडर यात सर्वात चांगले. एम-१६ या लष्करी रायफलीवर सुरुवातीला तीन दात्यांचाच होता, पण तो झाडाझुडपांत अडकायचा, म्हणून पुढचं टोक बंद करून पिंजऱ्यासारखा आकार आला. त्याच रायफलीच्या पुढच्या ए-२ आवृत्तीच्या पिंजऱ्यात खालची बाजू बंद असते. आडवं पडून गोळी झाडताना धूळ उडू नये म्हणून. उघड्या दात्यांइतका तो प्रभावी नाही, पण उघड्या तोंडाच्या तुलनेत फरक प्रचंड.

मझल ब्रेक मात्र घेऊ नका. तो धक्का कमी करतो पण गॅस मोठ्या कप्प्यांत अडवून आडवा-मागे फेकतो, भपका बहुतेकदा वाढतोच. "दोन्ही कामं करणारा" म्हणून विकला जाणारा मिश्र प्रकार यातलं एकही काम पूर्ण करत नाही.

बसवताना: .२२ व्यासाच्या नळीला बहुधा अर्धा इंच-२८ चे आटे, .३० ला पाच अष्टमांश-२४. चिरडणारा वॉशर असेल तर तो एकदाच वापरायचा, काढला की नवा. घट्टपणा साधारण २० फूट-पाउंड, आणि नळीला चिमट्यात धरताना पकड नळीवरच हवी, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर) नाही, नाहीतर पिळाचा सगळा भार जोडावर येतो. शेवटी सरळ सळई नळीत घालून ती साधनाच्या भोकाच्या मधोमध येते का बघा. हे न करता पहिला बार काढू नका. वाकडं बसलेलं साधन गोळी घासते, आणि गट का फुटला ते मग महिनोन्‌महिने सापडत नाही.

आटेमोज

सुकाणूंशी सहमत, फक्त एक भर. साधन आणि पावडर एकमेकांना बदली नाहीत. पिंजरा दुय्यम भपका बहुतेक बारांना मारतो, पण भरणी काठावरची असेल तर दहापैकी एखाद-दोन बार तरी पेट घेतातच. तो एक बार डोळे दिपवायला पुरेसा. पावडरीतलं मीठ हे असे तुरळक बार कमी करतं.

काजळी

दुय्यम भपका हो-नाही पद्धतीचा असतो. मिश्रण पेटण्याच्या तापमानाच्या जरा वर गेलं की पूर्ण गोळा, जरा खाली राहिलं की काहीच नाही. त्यामुळे "ही पावडर निम्मा भपका देते" असं वाक्य फारसं कामाचं नाही. विचारायचं ते "दहा बारांत किती वेळा पेटलं?"

मोजायची पद्धत:

कॅमेरा तिकाटण्यावर, नळीच्या तोंडाला काटकोनात, बाजूला २ ते ३ मीटरवर, तोंडाच्या पुढे नाही. सगळं हाताने ठरवायचं: आयएसओ ४००, छिद्र एफ/८, शटर २ ते ४ सेकंद उघडं, फोकस आधीच तोंडावर बांधलेला, पांढऱ्याचा समतोल पक्का. पाठीमागे गडद पडदा. शटर उघडा, बार काढा, शटर बंद. दूरनियंत्रण वापरा म्हणजे बार काढणाऱ्याखेरीज तिथे कोणी वाकून उभं राहायला नको. फोनचा आपोआप उजेड जुळवणारा कॅमेरा इथे निरुपयोगी आहे. तो प्रत्येक बाराला वेगळा उजेड पकडतो आणि तुलनाच मोडते.

प्रत्येक भरणीचे किमान १० बार. स्वच्छ थंड नळीचा पहिला बार वेगळा नोंदवा, कारण त्यात तेलाचा अंश जळतो. नळीवर सायलेन्सर असेल तर पहिला बार हमखास उजळ, आतल्या हवेतला ऑक्सिजन गॅसला मिळतो म्हणून. सोबत वेगमापक ठेवा. वेग न मोजता भपक्यांची तुलना केली तर कमी भरलेली काडतुसंच "जिंकतात". हवेचं तापमान आणि दमटपणा लिहून ठेवा. आणि अंधारात गोळीबाराची परवानगी असलेल्याच रेंजवर, लक्ष्यामागच्या बंधाऱ्याला उजेड ठेवून.

डोळ्याने तपासायचं असेल तर अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं द्या. दिव्याखालून थेट येऊन काढलेल्या बारावरून काहीच ठरत नाही.

तराजू

आता भरणी बदलायची क्रिया. इथे शॉर्टकट नाही.

पावडर बदलली की जुनी भरणी शून्य. एच-३३५ चा आकडा एच-४८९५ ला लावायचा नाही, "जवळपास सारखीच" असली तरी नाही. त्या पावडरीच्या निर्मात्याची ताजी आकडेवारी घ्या, तुमच्याच वजनाच्या गोळीसाठी आणि शक्यतो तुमच्याच बनावटीच्या. सुरुवात सुरुवातीच्या आकड्यापासून. फक्त कमाल आकडा दिला असेल तर त्याच्या १० टक्के खालून. .२२३ मध्ये ०.२ ते ०.३ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर या; .३०८ असती तर ०.३ ते ०.५.

पुंगळ्या एकाच शिक्क्याच्या, म्हणजे एकाच बनावटीच्या. लांबी १.७६० इंच ही कमाल, कापायची १.७५० वर. मॅगझिनमधून चालवायचं असेल तर काडतुसाची एकूण लांबी २.२६० इंचांपलीकडे नको. लष्करी जाड पुंगळ्यांत जागा कमी असते, तीच भरणी दाब जास्त देते. वेगळ्या शिक्क्याची पुंगळी मधे घुसली की वेगमापकावर लगेच कळतं.

मोजमाप: एच-३३५ आणि टॅक या पावडरी गोल दाण्यांच्या, पावडर मोजण्याच्या यंत्रातून पाण्यासारख्या वाहतात, ०.१ ग्रेनच्या आत राहतात. वारगेटचे दाणे लांबट, यंत्राच्या नळकांड्यात कापले जातात, अडकून पूल बांधतात. मग एक पुंगळी अर्धी आणि पुढची ओसंडलेली. वारगेट तोलूनच भरा. एच-४८९५ आखूड कापलेली असल्याने बरी वाहते. भरून झाल्यावर सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात ठेवून वरून टॉर्च मारा आणि प्रत्येकीतली पातळी डोळ्याने बघा. गोळी त्यानंतरच बसवायची.

वारगेट ६९ ग्रेनच्या गोळीखाली पुंगळी जवळजवळ गच्च भरते, वरच्या भरण्यांत पावडर दाबली जाते. निर्मात्याने दाबलेली भरणी म्हणून छापली असेल तर धोका नाही, पण पुंगळीच्या मानेची गोळीवरची पकड ढिली असेल तर काही दिवसांत गोळी हळूहळू वर सरकते. आठवड्याने लांबी पुन्हा मोजा.

टेबलावर एका वेळी एकच पावडरीचा डबा. काम संपलं की यंत्रातली पावडर त्याच डब्यात परत. कोणत्या डब्यातली हे आठवत नसेल तर ती वापरायची नाही.

रानवाट

प्रायमरबद्दल: एच-३३५ साठी मॅग्नम (जास्त जोराचा) प्रायमर घेतला होता. एच-४८९५ ला साधा चालेल का? भपक्यावर प्रायमरचा परिणाम होतो का?

गंधक

भपक्यावर थेट परिणाम किरकोळ. गोल दाण्यांच्या पावडरीवर जळणं मंदावणारा लेप जाड असतो, ती पेटवायला कठीण, थंडीत जास्तच. म्हणून तिथे मॅग्नम. एच-४८९५ साध्या प्रायमरने छान पेटते.

पण तुमच्या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला हलका टोला देते. म्हणून तिथे निवड पेटवणाच्या जोरावर नाही, प्रायमरच्या वाटीच्या जाडीवर करा. सीसीआय ४५० आणि ४१ च्या वाट्या जाड. सीसीआय ४०० ची पातळ. ४५० हाताशी असेल तर तोच ठेवा आणि भरणी त्याच्यासह खालून वर आणा. नंतर प्रायमर बदललात तर पुन्हा खालून सुरुवात.

दाबाच्या खुणा उशिरा दिसतात हेही लक्षात असू द्या. सपाट प्रायमर, पिनच्या खड्ड्याभोवती उठलेली कड, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या दट्ट्याचा) चकचकीत ठसा: यातलं काही दिसलं म्हणजे तुम्ही आधीच मर्यादेच्या पलीकडे आहात. वेगमापकावर छापील कमाल वेग गाठला की तिथेच थांबा, भरणी कमालपेक्षा कमी असली तरी.

सुकाणू

भपका कमी करायला भरणीच कमी केली तर? कमी पावडर, कमी गॅस, बोल्ट हाताने ओढू.

तराजू

पावडरीवर अवलंबून आहे, आणि इथे चूक महाग पडते.

एच-४८९५ साठी ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतः कमाल भरणीच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली उतरण्याची मुभा देते. तिची जळण्याची चाल कमी दाबातही समान राहते. याच्या अगदी उलट एच-११० ही पावडर: तिथे निर्मात्याची सूचना आहे की छापील भरणी ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नका. संथ, जाड लेपाची पावडर मोठ्या पुंगळीत थोडीशीच टाकली तर ती आधी धुमसते, गोळी नळीच्या सुरुवातीलाच, आतले आटे सुरू होतात तिथे, अडते, आणि मग दाब अचानक उसळतो. गोळी नळीत अडकून राहिली आणि वर पुढचा बार निघाला तर नळी फुटते. म्हणून "थोडी कमी भरू" हा निर्णय अंदाजाने घ्यायचा नाही, त्या पावडरीचा निर्माता काय म्हणतो ते बघायचं.

आणि कमी भरणीत दाणे अर्धवट जळतात. गोळा गेला तरी ठिणग्या वाढतात.

आटेमोज

तापमानाचंही सांगतो. वारगेट, एच-४८९५ आणि त्यांच्या घराण्यातल्या पावडरी ऑस्ट्रेलियात मुलवाला इथे बनतात. वारगेट तिथे एआर-२२०८ आणि एच-४८९५ ही एआर-२२०६एच या नावाने विकली जाते. तापमानाने फार न बदलणं हा त्यांचा गुण. एच-३३५ उन्हात दाब चढवते, थंडीत वेग सोडते. कडक उन्हात कमाल भरणीची काडतुसं गाडीच्या काचेमागे ठेवू नका, आणि तापलेल्या नळीत काडतूस भरून थांबू नका.

काजळी

नावांवरून एक इशारा. एच-३३५ चा उगम लष्करी डब्ल्यूसी-८४४ मध्ये आहे, पण लष्करी साठ्यातून सुटी आलेली डब्ल्यूसी-८४४ आणि डब्यातली एच-३३५ एकच समजू नका. सुट्या पावडरीचा प्रत्येक लॉट वेगळा असतो. कारखाना त्या लॉटच्या दाबाप्रमाणे भरणी जुळवून घेतो, डब्यातली पावडर मात्र छापील आकडेवारीला जुळवूनच विकतात. मिठाचं प्रमाणही लॉटागणिक वेगळं असू शकतं. याच पावडरींच्या इतिहासात कॅल्शियम कार्बोनेटचा धडा आहे: व्हिएतनामच्या काळात त्याच्या जास्त प्रमाणामुळे एम-१६ ची गॅसनळी तुंबायची, म्हणून पुढे त्याची मर्यादा घटवली. एक टक्क्याहून कमी असलेला घटक रायफल बंद पाडू शकतो. मिठालाही हेच लागू.

रानवाट

ठरवलं: आधी चार दात्यांचा हायडर, मग एच-४८९५ खालून वर, दोन्हींचे वेगवेगळे दहा-दहा बार काजळींच्या पद्धतीने. एक शंका उरली. टायटॅनियमचा हायडर हलका मिळतोय. घ्यावा का?

सुकाणू

अंधारात वापरायचा असेल तर नाही. आखूड नळीच्या गरम गॅसने आणि उडत्या दाण्यांनी टायटॅनियमचे कण खरवडले जातात आणि हवेत पांढऱ्या ठिणग्या होऊन जळतात. भपका गेला आणि फुलबाजा आला, असं होतं. पोलादी घ्या. दाते लांब असतील तर बारानंतर घंटीसारखा नाद येतो. तो खपत नसेल तर दात्यांच्या फटी तिरप्या, मळसूत्री कापलेला प्रकार घ्या, त्यात नाद कमी असतो.

काजळी

आणि दहा बारांच्या दोन फेऱ्या एकाच संध्याकाळी, एकापाठोपाठ घ्या. मोकळं तोंड आणि एच-३३५ ची एक फेरी आधी, नाहीतर तुलनेला पाया राहणार नाही. प्रत्येक फेरीआधी नळी हाताला सोसेल इतकी गार होऊ द्या.